गोणीवरची नावं

माजा धाकला दीर आता निस्तं रंग काढतो. त्येच्या चित्रात माणूस न्हाई, जनावर न्हाई, झाड न्हाई. वर निळा पट्टा, खाली मातकट पट्टा, मधी कुठंतरी पिवळी रेघ. झालं चित्र. पुण्याला एका मोठ्या हालमधी ती लावली व्हती, तवा मला गाडी करून न्हेलं. मी खुर्चीवर बसून ऱ्हायले. आत गार व्हतं, पाय दुखत व्हतं, बरं वाटलं.

तिथं एक बाई माज्या शेजारी येऊन बसली. डोळ्याला चष्मा, खांद्याला झोळी, बोलायला गोड. म्हणाली, "आजी, हे अगदी सुरुवातीला वेगळीच चित्रं काढायचे ना? स्वप्नात दिसतं तशी?" त्या तऱ्हेच्या चित्रांना तिनं एक इंग्रजी नाव सांगितलं, ते काय माज्या तोंडात बसंना. "त्यातलं एकही सापडत नाही. त्यांना विचारलं की म्हणतात, वहिनीला विचारा. तुमच्याकडे एखादं आहे का?"

"एक हाय," म्या म्हणलं. "पण आणता यायचं न्हाई. भिंतीवर हाय."

"मग आम्ही येतो बघायला."

"या की. पण पावसानं न्हेलंय बरंचसं."

ती हसली. तिला वाटलं म्हातारी चेष्टा करती. म्हणून मग समदं पहिल्यापसनं सांगावं लागलं.

लगीन होऊन मी घरात आले तवा सासू न्हवती. सासरा आंथरुणाला खिळल्याला. आन् ह्यो दीर, नाकातनं शेंबूड, चड्डीला बटण न्हाई. पहिल्याच दिशी माज्या पदराला धरून मागं मागं हिंडायला लागला. पुढं मिसरूड फुटल्यावर मी त्येला भाऊजी आन् तुमी म्हणायला लागले, रीत म्हणून. त्यो मात्र मला अजून तू म्हणतो. त्येच्या लेखी मी आईच्या जागी.

गाव आमचं निमोण्याच्या अंगाला, शिरूर तालुक्यात. वस्तीत एक खोली, रान न्हाई. म्हणून माजं मालक दौंडला गेलं, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमालीला. सासरा गेल्यावर आमी बी मागनं गेलो. रुळाच्या कडंला पत्र्याची खोपी केली. मालगाडी लागली की डब्यातनं गोण्या उतरवायच्या, कवा शिमिटाच्या, कवा खताच्या. मालक डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन जायचं आन् माघारी यायचं ते पापण्यासुदिक पांढऱ्या करून. धक्क्यावर सांडल्यालं झाडायचं काम मला मिळालं. पोरगी झाली ती तिथंच.

शिमिटाच्या फाटल्याल्या कागदी गोण्या असायच्या. त्येचा आतला कागद चांगला जाड ऱ्हातो. दीर त्यो झटकून घरी आणायचा आन् कोळशानं, गेरूनं त्येच्यावर चित्र काढायचा. शाळेत बाकीची पोरं डोंगर, नदी, डोंगरातनं येणारा सूर्य काढायची. ह्येचं भलतंच. रेल्वेचं इंजिन म्हशीवानी मान वाकवून हौदावर पाणी पितंय. कोंबडी उबवायला बसलीया आन् तिच्याखाली अंड्याच्या जागी इजेचं बल्ब, त्यातलं दोन पेटल्यालं. आमच्या खोपीत तवा लाईट न्हवती.

त्यो इंजिनाचा कागद मालकांनी हातात धरून लई येळ बघितला. मला वाटलं, आता पोराला एक ठेवून देत्यात. तर म्हणलं, "लेका, शेपूट इसरलास की. माशा कशानं हाकलायच्या त्येनं?" दिरानं तिथल्या तिथं इंजिनाला शेपूट काढली. मालक पोट धरून हसलं. मग त्यो कागद त्येंनी खोपीच्या दाराला आतनं चिकटवला. शोभा बी झाली आन् फटीतनं येणारं वारं बी अडलं.

मग एक दिशी खताच्या गोण्यांची थप्पी सरकली आन् मालक त्येच्याखाली गेलं. दवाखान्यात न्हेईस्तवर संपलं व्हतं. त्येच्यावर मी जास्ती बोलत न्हाई. ज्यो सांगायला आला त्येच्या अंगावर बी खत व्हतं, एवढं ध्यानात हाय.

आमी तिघं गावी आलो. निघायच्या घाईत दाराचा त्यो कागद काढायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.

गावाला आल्यावर दुसऱ्याच्या रानात जायला लागले. खुरपायचं, कांदं काढायचं, बाजरी काढायची. तवा वाकल्याली पाठ अजून सरळ न्हाई झाली. भाकरी कवा दोन येळा व्हती, कवा एकच येळ. काय दिसं मी सांगायचे की मला रानातच जेवायला घातलं, आन् दीर म्हणायचा त्येला शाळेतच मिळालं. दोघं बी खोटं बोलायचो आन् पोरगी पोटभर जेवायची. पण शाळेतनं कुणाला काढलं न्हाई. दिराला बी न्हाई, पोरीला बी न्हाई.

भाऊ गेल्यावर दीर रडला न्हाई. लोक म्हणायचं, रडू द्या त्येला, आत साठलं तर वंगाळ. त्यो कागद घेऊन बसायचा. मी ज्या बागायतदाराच्या रानात जायचे, त्येनं एकदा बांधावर त्येचं चित्र बघितलं. ज्वारीचं रान काढल्यालं, पण ताटांना कणसं न्हाईत, माणसाचं पंजं. रानभर हातच हात, वाऱ्यानं एका अंगाला कलल्यालं. बागायतदार म्हणला, "आरं, माज्या रानात हात उगवायला लागलं तर मी मजूर कशाला सांगू? मला बी दे की ह्येचं बियाणं!" समद्या बाया हसल्या, दीर बी हसला. घरी येताना मला म्हणला, "वैनी, त्ये हात तुजं हायती."

"मग घट्टं का न्हाई काढलं?" म्या इचारलं.

दुसऱ्या दिशी बघते तर एकूण एक हाताला घट्टं काढल्यालं.

पुढं त्यो पुण्याला चित्राच्या शाळेत गेला. कसा गेला, काय खाल्लं, कुठं निजला, ते त्येचं त्येला ठाव. सुट्टीला आला की जाहिरातीच्या भिंती रंगवायचा. रांजणगावला तवा कंपन्या नव्यानं उभ्या ऱ्हायल्या व्हत्या. शिरूरपसनं तिथपतुर रस्त्याच्या कडंची एक भिंत मोकळी न्हवती. पाइप, बियाणं, शिमिट, बिस्कुट. ऑइलपेंटचं डबं सायकलीला अडकवून जायचा आन् आलेलं घरात द्यायचा. जाहिरातीत मात्र पाइप पाइपासारखाच काढायचा. त्येला इचारलं तर म्हणायचा, "वैनी, तिथं त्येंची भिंत असती."

अशात पोरगी लग्नाची झाली. दोन स्थळं येऊन गेली, पोरगी नापसंत न्हवती. बाप न्हाई, भाऊ न्हाई, चुलता भिंती रंगवत हिंडतो, उद्या काय झालं तर पोरीच्या मागं कोण उभं ऱ्हाणार, असं त्येंचं म्हणणं. तिसरं स्थळ कारेगावचं आलं. पोरगा कंपनीत परमनंट, घरची मान्सं बरी, मागणं काय न्हाई. पोरीला बी पसंत पडला. त्या दिसांत ती भाकरी थापताना आपल्याआपण हसायची. मी मनात म्हणायचे, एवढं एक नीट पार पडू दे. दुसरं मला काय नको.

आमच्याकडं लग्नघराची भिंत रंगवायची रीत हाय. दारापुढची मोठी भिंत चुन्यानं पांढरी करायची, तिच्यावर चित्र काढायचं आन् मधी नवरा-नवरीचं नाव. वरच्या आळीत हत्ती आन् भालदार-चोपदार काढत्यात. आमच्या वस्तीत कमळ, पिंपळाचं पान, मोर आन् वर 'मंगल परिणय'. आता घरातच रंगारी असल्यावर दुसऱ्याला कोण बोलवतंय? म्या म्हणलं, "भाऊजी, भिंत तुमच्याकडं."

"काय काढू?"

"पोरीच्या लग्नाचं काढा. तुमच्या मनाला यील तसं."

असं मीच म्हणले व्हते.

त्येनं चुन्यात नीळ कालवली, गेरू घेतला, पिवळी माती घेतली, तव्याची काजळी खरवडून घेतली. भिंतीपुढं मांडवाचं जुनं कापड आडवं बांधलं आन् त्येच्यामागं लागला कामाला. मी तांदूळ निवडण्यात, भांडी गोळा करण्यात. लगीन दोन दिसांवर आलं तवा सकाळी त्येनं कापड सोडलं.

पहिली बघितली ती शेजारच्या चुलत जावंनं. तिच्या हातातली पाटीच खाली पडली.

"अगं बया! मुंडकं कुठं गेलं ह्येचं?"

मी भायेर आले. भिंतभर निळं. त्येच्यात एक उंच गडी उभा, जरासा वाकल्याला. अंगात फाटकं बनियन. मान न्हाई, डोस्कं न्हाई. डोस्क्याच्या जागी गोणी, तोंडाला सुतळीनं शिवल्याली. त्येच्या पोटात एक दार. दार उघडं, आत चूल पेटल्याली, आन् उंबऱ्यातनं लग्नाच्या पांढऱ्या साडीतली एक पोरगी भायेर पाय टाकतीया. गड्याचं पाय खाली जाऊन जाऊन रेल्वेचं रूळ झाल्यालं आन् ते रूळ भिंतीच्या कोपऱ्यातनं कुठंतरी निघून गेल्यालं.

घटकाभरात निम्मी वस्ती गोळा झाली. आमच्या विहारात वंदना घ्यायला आप्पा असायचं, वस्तीतलं जुनं जाणतं. समदी त्येंच्या तोंडाकडं बघायला लागली.

आप्पा म्हणलं, "आपण शकुन-अपशकुन मानत न्हाई. दीक्षा घेतली तवाच सोडलं ते."

जाऊ म्हणाली, "आपण न्हाई मानत, आप्पा. पण इवाई मानत असलं तर?"

"इवाई बी बौद्धच हायती की."

"आवो हायती. पण इहीणबाईच्या गळ्यात काळा दोरा हाय. म्या सुपारीच्या दिशी बघितलाय, पदराखाली."

आप्पांनी परत एकदा भिंतीकडं बघितलं, डोकं खाजवलं आन् म्हणलं, "मग चुना मारल्यालाच बरा जरा."

समदी हसली. मला काय हसू आलं न्हाई. दोन स्थळं गेली व्हती. दिराला बी ते कळत व्हतं. त्यो घरात गेला आन् चुन्याची बादली, कुंचा घेऊन आला. "वैनी, पुसतो. कमळ काढतो. तासाभराचं काम."

"थांबा," म्या म्हणलं. मी भिंतीच्या जवळ गेले. गोणीला वरनं धरल्याला एक हात व्हता. उजवा. करंगळीच्या शेजारचं बोट वाकडं. मालकांचं बोट डब्याच्या दारात घावून तसं झालं व्हतं, लगीन व्हायच्या आधीच.

दीर मागनं हळूच बोलला, "डबा घेऊन धक्क्यावर यायचो बघ मी. समदं हमाल एका वळीनं यायचं, खाली वाकून. त्वांड कुणाचं दिसायचं न्हाई. निस्त्या गोण्या चालत यायच्या. त्यातला दादा कोणता ते मी बोटावरनं वळखायचो."

पोरगी दारात उभी ऱ्हाऊन ऐकत व्हती. ती म्हणाली, "काका, मला एवढी उंच कशी काढली?"

"तुला कुठं बापाच्या खांद्यापतुर पोचू दिलंय? पोटापतुरच हाय," दीर म्हणला.

पोरीनं पदरानं डोळं पुसलं आन् आत गेली. म्या बादली उचलून चुलीमागं न्हेऊन ठेवली. म्हणलं, "ऱ्हाऊ द्या. बाप हाय तिचा. लग्नाला येऊ द्या त्येला."

एवढं म्हणले खरं, पण जीव टांगल्याला. दुसऱ्या दिशी हळदीला कारेगावचा टेम्पो यायचा व्हता, साड्या आन् हळद घेऊन.

टेम्पो आला दुपारच्याला. इवाई उतरलं, इहीणबाई उतरल्या, नवरदेवाचा मामा उतरला आन् चार-दोन बाया. उतरल्या उतरल्या समदी भिंतीपुढं उभी. कुणी मांडवात यीना. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मनात म्हणते, आता मुंडक्याचं इचारत्याल, काय सांगायचं?

मामा कमरंवर हात ठेवून म्हणला, "कितीला दिली?"

"काय?"

"भिंत वो! कंपनीनं काय दिलं भिंतीचं?"

मला काय उमगंना. मामानं दिराकडं बोट केलं. "ह्येस्नी म्या कारेगावात बघितलंय, आमच्या चौकातली शिमिटाची भिंत रंगवताना. त्येच्यावर बी असाच पोतं घेतल्याला गडी व्हता. पुतणीच्या लग्नाची भिंत सुदिक सोडली न्हाई तुमी? आमच्या भाच्याचं नाव टाकायला इतभर जागा न्हाई, आन् कंपनीला अख्खी भिंत!"

मी भिंतीकडं बघितलं. खरंच की. नावच न्हवतं. नवऱ्याचं न्हाई, नवरीचं न्हाई, 'मंगल परिणय' बी न्हाई. कालपसनं मुंडक्यापायी एवढी चर्चा झाली, आप्पांनी बघितलं, जावंनं बघितलं, मी बघितलं. नाव न्हाई हे एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई.

जाऊ माज्या कानात कुजबुजली, "मुंडक्याचं तर कोण बोलतच न्हाई गं!"

इहीणबाई काय भांडकुदळ न्हवत्या, पण त्येंच्या डोळ्यात पाणी आलं. "आमी आळीत सांगून आलो, चुलता चित्राच्या शाळेत शिकल्याला हाय, भिंत बघण्यासारखी असंल म्हणून. फोटूवाल्याला बी सांगितलंय. माज्या पोराचं नाव एवढं जड झालं व्हय तुमाला?"

"साड्या उतरवू नका," मामा टेम्पोवाल्याकडं बघून म्हणला. "चला. हितं कंपनीचं लगीन हाय, आपलं न्हाई."

दीर पुढं झाला. "मामा, जाहिरात न्हाई ती. त्यो..." एवढं म्हणला आन् भिंतीकडं त्वांड फिरवलं. भावाच्या मागं इतकी वर्सं न रडल्याला गडी, त्येला पुढचं बोलताच यीना. मामाला वाटलं, खोटं बोलायला सुचंना.

मग मीच तांब्या खाली ठेवला.

"मामा, त्यो गडी कंपनीचा न्हाई. पोरीचा बाप हाय. दौंडच्या धक्क्यावर गोण्या उचलायचा. असाच दिसायचा. त्या गोण्यांखालीच गेला."

 टेम्पोवाल्यानं हातातली पिशवी हळूच खाली ठेवली. इवाई भिंतीजवळ गेलं, टोपी काढून हातात घेतली. मग दिराला म्हणलं, "त्वांड का न्हाई काढलं?"

"दिसायचं न्हाई," दीर म्हणला.

इवाईंनी मान हालवली. मामानं बी हात जोडलं. पण मामाच त्यो. "बाप हाय तर बाप हाय. पाया पडतो त्येच्या. पण नाव पाहिजेच की वो! लग्नाची भिंत हाय. नाव नसलं तर फोटूत लोक काय म्हणत्याल?"

"वर निळ्यात टाका," आप्पा म्हणलं.

"पायाशी टाका," जाऊ म्हणाली.

"पायाशी? आमच्या पोराचं नाव पायाशी?" इहीणबाई.

दिरानं मला बाजूला घेतलं. कुंचा त्येच्या हातातच व्हता. "वैनी, अक्षरं टाकली की ती जाहिरातच हुईल. त्येंनी म्हणलं तशीच. तू सांग, मी आख्खी भिंत चुन्यानं पुसतो, मला वाईट वाटायचं न्हाई. पण ह्येच्यावर लिहायला लावू नको."

म्या त्येला बघितलं. नाकातनं शेंबूड गळायचा तवा बी त्यो असाच बघायचा, कायतरी हातातनं काढून घेतल्यावानी. पण तिकडं टेम्पोत साड्या व्हत्या. आन् पोरगी दारामागं, हळद लावायला बसायची ती उभीच.

"भाऊजी," म्या म्हणलं, "गोणीवर टाका."

"गोणीवर?"

"गोणीवर कायतरी छापल्यालं असतंच की. ज्येचा माल त्येचं नाव. हितं तुमचं दादा पोरीचं लगीन उचलून उभं हायती. मग तिचं आन् जावयाचं टाका."

त्यो माज्याकडं बघतच ऱ्हायला. मग कुंचा खाली ठेवून सायकलीकडं गेला. चुन्याच्या रंगानं गोणीवर अक्षर दिसलं नसतं, म्हणून जाहिरातीचा लाल ऑइलपेंटचा डबा काढला. पोरगी भायेर आली. "काका, माजं नाव आधी हां," म्हणाली. तवा कुठं त्यो जरासा हसला.

स्टुलावर चढला आन् एका दमात लिहिलं. परत फिरून बघितलं न्हाई, परत हात मारला न्हाई. रागानं लिहिलं असंल, पण अक्षर कसं? छापल्यावानी. मामा खाली उभा ऱ्हाऊन, "दुसरी येलांटी द्या, दुसरी, आमच्यात दुसरी देत्यात," म्हणत व्हता. झाल्यावर मामानं दोन्ही नावं मोठ्यानं वाचली, दोन पावलं मागं जाऊन परत वाचली. मग म्हणला, "आता कसं! उतरवा रं साड्या."

लगीन झालं. आप्पांनी मंगल गाथा म्हणल्या, पोरीनं आन् जावयानं हार घातलं. समद्यांचं फोटू भिंतीपुढंच निघालं. प्रत्येक फोटूत मामा मधी. मागं मालक. फोटूत त्येंचं डोस्कं न्हाई ते कुणाला खटकलं न्हाई, सगळ्यांच्या नजरंला आधी नावं पडायची.

दीर तिसऱ्या दिशी पुण्याला गेला. त्येच्यानंतर त्येनं चित्रात माणूस काढला न्हाई. आधीचं कागद घरात एका पेटीत व्हतं, ते वाळवीनं खाल्लं. मी कळवलं तर म्हणला, खाऊ दे. मग हळूहळू झाडं गेली, जनावरं गेली, निस्तं रंग ऱ्हायलं. लोकांनी त्येला नावाजलं, पेपरात आलं. मधी लई वर्सं गेल्यावर मी इचारलं, "भाऊजी, मान्सं का सोडली?"

"माणूस काढला की लोक त्येच्यावर कायतरी लिहायला लावत्यात, वैनी," म्हणला आन् हसला. मग म्हणला, "मामाचा राग न्हाई मला. तुज्यावर आल्ता."

"माज्यावर?"

"व्हय. तू म्हणलीस ना, गोणीवर टाका. माजंच चित्र, आन् त्ये मला सुचलं न्हाई."

म्या त्येला भाकरी वाढली. 

ती चष्म्यावाली बाई मागल्या उन्हाळ्यात आली, संगं कॅमेरावाला. दीर बी आला. जावई आन् पोरगी त्येंच्या लेकराला घेऊन आली. बाई भिंतीपुढं उभी ऱ्हायली आन् माज्याकडं बघायला लागली. चुना आन् नीळ ती, किती टिकणार? वळचणीचं पाणी उडून पहिलं रूळ गेलं. मग पोटातली चूल, मग दार, मग पोरगी. हात लई वर्सं व्हता, त्यो बी गेला. आता कुठं कुठं निळं दिसतं, बाकी माती. ऑइलपेंटची लाल नावं तेवढी वर शाबूत हायती, मागं कायबी नसल्यावानी.

"आजी, चित्र?" ती म्हणाली.

म्या काठीनं दाखवलं. हितं खांदा व्हता. हितं हात, ह्ये बोट वाकडं. हितं दार, हितनं पोरगी भायेर पडत व्हती. तिनं समदं लिहून घेतलं. मग दिराला म्हणाली, "तुम्ही हे पुन्हा काढाल? आम्ही भिंत नीट करून देतो."

"न्हाई," दीर म्हणला.

जावई म्हणत व्हता, भिंतीला पिलास्टर करून घेऊ, पोपडं पडत्यात. दीर पुढं गेला, नावांच्या खाली जिथं खांदा व्हता तिथं हात लावून बघितला. त्येच्या हाताला निळी भुकटी आली. म्हणला, "वैनी, पेंट बी सुटायला लागलाय. एक-दोन सालात नावं बी जात्याल."

पोरगी तिच्या लेकराला कडेवर घेऊन उभी व्हती, जावई तिच्या शेजारी.

म्या म्हणलं, "जाऊ द्या. पोरीचा संसार झाला. आता तुमच्या दादांनी कुठवर उचलून धरायचं?"